पान एकशे बाराचं माप

नाही, वकील लावलेला नाही. लावणारही नाही. वकील आला की साध्या वाक्याला तीन शेपट्या लावतो, आणि मग त्या सोडवायला दुसरा वकील लागतो. उभ्या आयुष्यात मी माझा कपडा दुसऱ्याकडून शिवून घेतला नाही, तर हा कागद कशाला घेऊ? शाळा माझी चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, पण लागतं. जिथे खाडाखोड झाली तिथे बाजूला सही केली आहे.

तर. मी, धंद्यानं शिंपी, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, सगळे मला मास्तर म्हणतात, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. डोळ्यांची हमी देत नाही, उजव्या डोळ्यानं सुईत दोरा जात नाही. मी प्यालेलो नाही, कोणी माझ्या मानेवर बसलेलं नाही, जे लिहितो ते मला लिहायचं आहे म्हणून लिहितो. याआधी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही. माझ्यामागे दोनच माणसं. एक माझी मुलगी. दुसरी माझ्या बायकोची धाकटी बहीण, म्हणजे मुलीची मावशी. मुलगी गेली सात वर्षं मावशीशी बोलत नाही. तिच्या मते तिची आई मावशीमुळे गेली. ते तसं नाही, आणि हे मला ठाऊक आहे. त्यासाठीच हा कागद. ते सगळं कलम सहामध्ये आहे. घाई असेल त्यानं थेट तिथे जावं, मधे नुसतं सामान आहे.

कलम एक. खोल्या. पुढची खोली दुकान, मागची राहायची. दोन्ही माझ्या नावावर, दोन्ही मुलीला. पावसाळ्यात मागचं दार फुगतं, खांद्यानं ढकलावं लागतं. सुताराला बोलावू नये. सुतार रंधा मारून मोकळा होतो, आणि उन्हाळ्यात दार सुकलं की बोटभर फट पडते. तासलेलं लाकूड परत चिकटत नाही.

कलम दोन. बँकेत जे निघेल ते मुलीला. यात बोलण्यासारखं काही नाही.

कलम तीन. मशीन. काळं, पायाचं, एकावन्न वर्षं चाललेलं. हे मावशीला. मुलीकडे राहायला जायच्या आधी वीस वर्षं तिनं माझ्या दुकानात काजं केली, बटणं लावली, तुरपाई केली, आणि मी जेवायला उठलो की मशीनवर बसून माझ्यापेक्षा सरळ टीप मारली. मी हे तिला कधी बोललो नाही. आता लिहिलं, झालं. मशीनला मोटर बसवू नये. दर शनिवारी तेल.

कलम चार. मोठी कात्री. ही समोरच्या सूटवाल्याला द्यावी. बावीस वर्षांपूर्वी त्यानं ती दोन मिनिटांसाठी म्हणून नेली आणि तिनं पुठ्ठा कापला. कापडाच्या कात्रीनं पुठ्ठा. शिंपी म्हणवून घेतो. त्या दिवसापासून आमच्यात 'पाणी आलं का' यापलीकडे बोलणं नाही. तर आता घे म्हणावं, काय कापायचं ते काप. धार मी लावून ठेवली आहे.

इस्त्रीवाल्याला या कागदात काही देत नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही दिलं की भानगड होते असं खालच्या मजल्यावरचा पोस्टमन सांगतो. म्हणून माझी जड इस्त्री त्याला कालच देऊन टाकली. भानगड मिटली.

कलम पाच. कपाटातले न नेलेले कपडे. तीन गणवेश, एक कोट, एक ढगळ पँट. गणवेशांची पोरं आता बाप झाली असतील. कोटाचा मालक वारला. पँटवाला जिवंत आहे, रस्त्यात दिसतो, मला बघून पलीकडच्या फुटपाथवर जातो. ती त्याच्या घरी नेऊन द्यावी आणि काही बोलू नये. लाजवायला तेवढं पुरे.

कलम सहा. हे माझ्या मुलीसाठी आहे, म्हणून इथून पुढे तिच्याशीच बोलतो.

बाळ, मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत, सगळ्यात खाली, कागदात गुंडाळलेला एक ब्लाऊज आहे. सुती, फिकट पिवळा, बारीक पांढरे ठिपके. वरून सैल सोडायचा, गळ्याला चुण्या, बाह्या दंडापर्यंत. उन्हाळी. तो तुझ्या आईचा. तू तो पाहिला नसशील, कारण तिनं तो एकदाच घातला.

तुझी आई भरल्या अंगाची होती, हे तुला सांगायला नको. तिला उन्हाळा सोसायचा नाही. तरी तिचे सगळे कपडे मी गडद रंगाचे शिवले. तपकिरी, काळपट निळा, फार तर जांभळा. जाड बाई गडद रंगात कमी दिसते, हे आमच्या धंद्यातलं शहाणपण. तिला कोणता रंग हवा हे मी कधी विचारलं नाही. शिंप्याची बायको, तिला काय विचारायचं.

त्या वर्षी रद्दीवाल्याकडून तिनं एक मासिक आणलं. मधे घडी घातलेला मोठा कागद होता, पॅटर्नचा. वर लिहिलेलं, 'भरल्या अंगाच्या स्त्रियांसाठी उन्हाळी ब्लाऊज'. फोटोतली बाई काही भरल्या अंगाची नव्हती. तुझी आई म्हणाली, 'हिला भरलेली म्हणतात, तर मला काय म्हणतील?' मी म्हणालो, 'गोदाम.' तिनं तेच मासिक माझ्या डोक्यात घातलं, आणि हसता हसता पाटावर बसली. मग म्हणाली, 'अहो, एकदा छापल्यासारखं शिवा. तुमच्या मनचं नको.'

पॅटर्नचा कागद म्हणजे डोक्याला ताप. पाच मापांच्या रेघा एकावर एक छापलेल्या. एक सलग, एक तुटक, एक नुसती टिंबं. रांग विसरलेल्या मुंग्या. मी असल्या कागदांना जन्मभर हसलो. पण बसलो. दातेरी चाक फिरवून सगळ्यात बाहेरची रेघ खाकी कागदावर उतरवली. तीही तिला अपुरी पडली, म्हणून खडूनं अर्धा इंच बाहेर वाढवली. माप घेतलं आणि माझ्या सवयीप्रमाणे मापाच्या वहीत तारीख घालून लिहिलं. पान एकशे बारा. तीन मार्च. छाती अठ्ठेचाळीस, दंड सतरा.

कापड बेतलं, कापलं, आणि शाळेच्या गणवेशांचं काम आलं. घरचं काम नेहमी खुंटीवर. ब्लाऊजचे तुकडे खुंटीला लटकले. एकोणतीस मार्चला हात मोकळा झाला, कच्चा टाका घालून तिच्या अंगावर चढवला. ढगळ. मला राग आला, वाटलं कागदानं फसवलं. पुन्हा टेप लावला. छाती साडेसेहेचाळीस, दंड सोळा.

ती म्हणाली, 'टेप ताणलाय तुमचा. मी जेवते तेवढंच.'

आता हे नीट वाच. कापडी टेप जुना झाला की ताणतो, आणि ताणलेला टेप माप कमी दाखवतो. हे शिंप्याला कळतं. ते तिलाही कळत होतं, चाळीस वर्षं माझ्यासोबत काढली होती. मी टेप लोखंडी गजाला लावून बघितला. सुताचाही फरक नव्हता. टेप खरा होता. आणि ती जेवत होती तेवढंच, एकाच पातेल्यातून आम्ही दोघं घेत होतो. म्हणजे एकच गोष्ट उरत होती, आणि ती मला दिसली नाही. मी म्हणालो, 'मग चांगलंच की. इतकी वर्षं मी सांगतोय ते अंगानं ऐकलं शेवटी.'

ती खूश झाली. मीही झालो. बाजू आत घेतल्या आणि वहीत पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली.

तुझी मावशी त्यानंतर आली. एकवीस एप्रिल. ही तारीख तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. ती तेव्हा तुझ्याकडे राहत होती, आणि तुझ्या बढतीच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तूच तिला बसमध्ये बसवलं होतंस. तिनं दारातच ताईला पाहिलं आणि म्हणाली, अगं, किती उतरलीस. तुझ्या आईनं ते कौतुक म्हणून घेतलं. तिनंच हौसेनं ठरवलं की आता आणखी उतरायचं. त्याच मासिकाच्या शेवटच्या पानावर बारीक व्हायचे उपाय दिले होते. साखर बंद, रोज सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चालून यायचं. दोघी बहिणी जायच्या. टाकीपर्यंत पोचलं की तुझी आई कठड्यावर बसायची आणि मावशीच परत फिरू म्हणायची.

सहा मेला तिसरं माप, चव्वेचाळीस. दोन जूनला चौथं, साडेएकेचाळीस. दर वेळी मी बाजू आत घेतल्या, दर वेळी वहीत ओळ लिहिली, आणि दर वेळी एखादा विनोद केला. ते विनोद मला सगळे आठवतात. इथे लिहीत नाही.

शेवटी ब्लाऊज बसला. असा बसला की काय सांगू. मासिकात छापलं होतं, आत एक इंच मार्जिन ठेवावं, अंग कमीजास्त होतं. मी वाचलं आणि सोडून दिलं. माझी पद्धत वेगळी. कपडा अंगाला बसला की मी आतलं जास्तीचं कापड छाटतो, काखेत टोचत नाही आणि बाहेरून फुगवटा दिसत नाही. या हाताच्या सफाईवर माझं नाव होतं. तिच्या ब्लाऊजचंही छाटलं. पाचही बोटं मावतील एवढं कापड कात्रीखाली गेलं. त्याच्या मी पिनांच्या गाद्या केल्या. एक अजून मशीनजवळ आहे.

ती तो घालून कोपऱ्यावरच्या दुकानात दोरा आणायला गेली. दोरा घरात होता. दुकानदार तिला म्हणाला, बाई, ओळखलंच नाही. हे तिनं मला आल्यावर सांगितलं, आणि जेवताना परत सांगितलं.

ऑगस्टमध्ये तिला उभं राहवेना, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. तू रजा काढून आली होतीस, बाकावर माझ्या शेजारी बसली होतीस. डॉक्टरनं विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं. सांगायचं काम माझं होतं, वही माझी होती. मी म्हणालो, 'मेव्हणी आल्यापासून. चालायला लागल्या ना दोघी, तेव्हापासून.'

हे मी का बोललो? वाटलं, डॉक्टर म्हणेल, तुम्ही शिंपी, तुमच्या हातात टेप, तुम्हाला दिसलं नाही? ते ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही शोधू नकोस.

डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आला असतात तर. वजन आतल्या दुखण्यानं उतरत होतं, चालण्यानं नाही.

नोव्हेंबरात ती गेली. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तू मावशीला म्हणालीस, 'तू उपाशी ठेवलंस तिला. म्हणून कोणाला कळलं नाही.' मावशीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात तुझ्या आईच्या सामानाची पिशवी होती. मी ती या हातातून त्या हातात घेतली. मी फक्त एवढंच केलं.

आणि मावशीला ठाऊक होतं. त्या ब्लाऊजची तुरपाई तिनंच केली होती. उसवलेल्या टाक्यांची भोकं सुती कापडात राहतात, आणि तिला भोकं वाचता येतात. जूनमध्ये तिनं बाजूची शिवण उजेडात धरून विचारलं होतं, 'भावोजी, मी यायच्या आधीच एकदा आत घेतलाय का हा?' मी हो म्हणालो होतो. म्हणजे पायऱ्यांवर तिच्याकडे उत्तर होतं. तिनं ते दिलं नाही. मी देईन म्हणून थांबली. सात वर्षं थांबली आहे. तुझं घर सोडून इथे जवळच खोली घेऊन राहिली. दर गुरुवारी येते, काजं करते, माझ्या डोळ्यांत औषध घालते, जाते. त्याबद्दल एक अक्षर काढत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू वर्षातून दोनदा येतेस. यायच्या आधी फोनवर विचारतेस, 'ती नसेल ना?' मी म्हणतो, नाही. हे मी चौदा वेळा म्हणालोय.

तर मापाची वही तुला. तू नकाशांच्या कचेरीत काम करतेस, बोलण्यावर तुझा विश्वास नाही, आकड्यांवर आहे. पान एकशे बारा काढ. चार ओळी आहेत. अक्षर माझं आहे, शाई त्या त्या दिवसाची आहे. दुसऱ्या ओळीची तारीख बघ, आणि मग तू मावशीला बसमध्ये कधी बसवलंस ते आठव.

कलम सात. तयार ब्लाऊज मावशीला. तो कोणाच्याच अंगाला होणार नाही, आणि सैल करता येणार नाही, आत कापड ठेवलेलं नाही. तरी तिला.

त्याच ताग्यातलं कापड उरलं होतं. त्यातून मी या महिन्यात दुसरा ब्लाऊज बेतला आहे. खाकी कागद तोच, रेघ सगळ्यात बाहेरची, माप पहिल्या ओळीचं. तुझी अंगलट आईची आहे. हे तुला आवडणार नाही, पण आरसा तुझ्या घरीही आहे. हा तुला. यात दोन्ही बाजूंनी दोन दोन इंच मार्जिन ठेवलं आहे. पुढचा भाग, पाठ, बाह्या, गळ्याची पट्टी, सगळं कापून घडी घालून ठेवलं आहे. शिवलेलं नाही. डोळ्यांमुळे नाही, मुद्दाम. कापड तुझं, मशीन मावशीचं. बाकी तुमचं तुम्ही बघा. नसेल बघायचं तर तुकडे तसेच राहू देत, मी जबरदस्ती करत नाही.

फक्त दोन अटी. एक, मार्जिन छाटायचं नाही, शिवणारी कितीही सफाईची असली तरी. दोन, कधी हा ब्लाऊज तुला ढगळ व्हायला लागला, तर आत घ्यायचा नाही. आधी विचारायचं, का.

कलम आठ. हे कलम लिहायचं नव्हतं. सात कलमांवर कागद संपला होता. सह्यांसाठी इस्त्रीवाल्याला आणि पोस्टमनला बोलावलं. साक्षीदारानं सही बघायची असते, मजकूर नाही. पण पोस्टमननं पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पाकिटं न फोडता वाटली, त्यामुळे आता समोर आलेला कागद तो सोडत नाही. वाचला. मग इस्त्रीवाल्याला वाचता येत नाही म्हणून कलम सहा मोठ्यानं वाचून दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

इस्त्रीवाल्यानं शाईची डबी बाजूला सारली. मग म्हणाला, 'मास्तर, हे मेल्यावर वाचायचं? मग ती भांडणार कोणाशी?'

मी म्हणालो, तू तुझे कोळसे सांभाळ. तो म्हणाला, 'अंगठा नाही देत जा,' आणि गेला. दोन दिवस हा कागद अंगठ्याशिवाय टेबलावर पडून राहिला. दोन दिवस मी त्याच्या डोक्यावर काय काय घालावं याचा विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमनला वर बोलावलं आणि या सगळ्याची नक्कल करायला लावली. त्याचं अक्षर चांगलं आहे.

ती नक्कल, या आठव्या कलमासकट, आज रजिस्टर पोस्टानं मुलीकडे जाते आहे. वाटण्या मी मेल्यावरच्या, कलम सहा आजपासूनचं. वही पाठवत नाही, पानही फाडलेलं नाही. बघायचं असेल तर इथे यावं लागेल. मी सकाळी नऊपासून दुकानात असतो. भांडायचं असेल तर समोर उभं राहून भांडावं, मी उठून जाणार नाही, पिशवी या हातातून त्या हातात करणार नाही. गुरुवारी यावं. यायच्या आधी फोन करून ती नसेल ना असं विचारू नये. ती असेल.

हा कागद अमलात आणायचं काम पोस्टमनचं. इस्त्रीवाला आत्ता आला, नक्कल पाकिटात घातलेली बघितली, आणि शाईची डबी पुढे ओढली.

वरचं सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आणि दोघांच्या देखत खाली सही केली. दोघांनी माझ्या देखत केली.

सही: मास्तर, शिंपी

साक्षीदार पहिला: पोस्टमन, निवृत्त, खालचा मजला. सही.

साक्षीदार दुसरा: इस्त्रीवाला, कोपऱ्यावरची टपरी. डाव्या हाताचा अंगठा.

ठिकाण: माझं दुकान, मशीनसमोरचं टेबल.

तारीख: एकोणतीस मार्च.

पोस्टमन विचारतो, पाकीट चिकटवू का, का आणखी काही लिहायचंय? नाही. जे होतं ते पान एकशे बारावर आहे. मी यावर आणखी एक शब्द बोलणार नाही.